आईच्या पोटात एकदाही दुखलं नाही, आणि हिमोग्लोबिन ५.९ (वयस्कांमधला अल्सर)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल जरा. विषय संडासाचा पण आहे, पण सगळं घोडं तिथेच अडलं होतं म्हणून स्पष्टच लिहिते.

आई ७४ ची, बाबा ७९ चे, दोघंच कराडजवळ गावी असतात. मी पुण्यात, भाऊ नाशिकला. आईचे गुडघे सात-आठ वर्षं दुखतायत, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. आषाढापासून फोनवर म्हणायची की जेवणात चव नाही, थकायला होतं, आम्ही म्हटलं वय झालं, पावसाळी हवा आहे. तिथल्या एका दवाखान्यात अशक्तपणाच्या म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गौरीच्या दिवशी पुरणपोळ्या लाटता लाटता ती भिंतीला धरून खाली बसली, घामाने चिंब, हात गार. परत त्याच दवाखान्यात नेलं, बीपी कमी आहे म्हणून सलाईन लावलं आणि ती गुडघे दुखतात म्हणाली म्हणून वर दुखण्याचं इंजेक्शनही दिलं. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तिचे ओठ आणि नखं कागदासारखी पांढरी दिसत होती, चार पायऱ्या चढून दम लागत होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ५.९.

कराडला ॲडमिट केलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, परसाकडं काळं होतंय का?" आई गप्प. तिने बाबांकडे बघितलं. डॉक्टरांनी बाबांना आणि भावाला बाहेर पाठवलं, मग आई म्हणाली, "व्हय. आखाडापासनं." म्हणजे दोन महिने. मी विचारलं आई मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली असलं काय फोनवर सांगायचं, आणि लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं असं दवाखान्यात सांगितलेलं, मला वाटलं त्याचंच. गोळ्या श्रावणात सुरू झाल्या होत्या, काळं त्याच्या आधीपासून होत होतं. हा हिशोब कुणीच केला नव्हता.

दोन पिशव्या रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या टोकाला साधारण दीड सेंटिमीटरचा अल्सर, त्यात रक्तवाहिनीचं उघडं तोंड. तिथेच इंजेक्शन देऊन क्लिप लावली. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर नाही, एच. पायलोरी जंतू मात्र आहेत.

त्यानंतर मी घरी जाऊन तिची औषधांची पिशवी कॉटवर ओतली. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली दुखण्याची गोळी, रोज दोनदा. एसिक्लोफेनॅकची वेगळी पट्टी, ती शेजारच्या काकूंनी "मला लई गुण आला" म्हणून दिलेली, रात्री एक. ॲस्पिरिन ७५, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी रक्त पातळ राहावं म्हणून लिहून दिलेली, हार्टचा काही त्रास नसताना. बीपीची. लोहाची. आणि ॲसिड कमी करायची पॅन्टोप्राझोल, जेवणानंतर, आठवण आली तर.

आता मला विचारायचंय ते असं. एवढा मोठा अल्सर आणि पोटात दुखलं कसं नाही? गुडघ्यांचं आता काय करायचं, ती रात्री कण्हत असते. ॲस्पिरिन बंदच ठेवायची का? आणि मावश्या रोज पथ्याच्या याद्या पाठवतायत, तिखट बंद, वांगं बंद, त्यात तथ्य किती?

शेवग्याच्या शेंगा
बापरे ताई, वाचून काटा आला. आई लवकर बऱ्या होवोत. माझ्या सासऱ्यांना अल्सर होता तेव्हा दर दोन तासांनी थंड दूध द्यायचो, शिवाय गुलकंद आणि ज्येष्ठमधाची पूड मधातून. त्यांना आराम पडायचा. सुरू करून बघा.

औषधवाला मिरज
ताई, माझं २६ वर्षं मेडिकलचं दुकान आहे, तुमच्या आईसारखी पिशवी मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो. माणसं गोळी नावाने मागत नाहीत, रिकाम्या पट्टीचा कापलेला तुकडा आणतात आणि "हीच द्या" म्हणतात, त्या तुकड्यावर नाव पण धड नसतं. डायक्लोफेनॅक शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पण द्यायची नाही असं लिहिलेलं असणं वेगळं आणि समोर एक म्हातारी गुडघ्याला हात लावून उभी असणं वेगळं. मीही दिल्यात. त्याचं ओझं आहे मनावर, म्हणून आता एक वही ठेवलीय, साठीच्या पुढचं कुणी महिन्यात दुसऱ्यांदा दुखण्याची गोळी मागायला आलं की बाकी काय चालू आहे ते विचारतो.

तीन गोष्टी सांगतो. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही सगळी एकाच जातीची औषधं. दोन एकत्र घेतली की गुण दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो, आणि त्यावर ॲस्पिरिन असेल तर अजून. दुसरं, लोकांना वाटतं गोळी पोटात जाऊन घासते म्हणून जखम होते, मग इंजेक्शन घेतलं की सुटलो. तसं नाही. औषध रक्तात गेल्यावर ते पोटाच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतं, त्यामुळे इंजेक्शन घ्या, कोटिंगवाली गोळी घ्या, भरल्या पोटी घ्या, धोका राहतोच. तिसरं, पॅन्टोप्राझोल सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर कधीतरी घेतली तर निम्मी वाया. आणि ज्यांना स्टेंट टाकलाय आणि रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे त्यांनी ॲसिडची गोळी मनाने बदलू नये, ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, पॅन्टोप्राझोलने तेवढा होत नाही.

ओपीडी ते ओसरी
मी फिजिशियन होतो, आता निवृत्त. कृष्णाकाठ, तुमच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न अचूक विचारला आणि नवऱ्याला बाहेर पाठवलं हे त्याहून अचूक.

दुखलं का नाही? तरुण माणसाचा अल्सर बोलतो. जेवणाच्या वेळा चुकल्या की जळजळ, रात्री दोनला उठवणारी कळ, तो स्वतःच डॉक्टरकडे येतो. सत्तरीनंतर बऱ्याचदा असं होत नाही. एक तर वयानुसार पोटातल्या वेदनेची जाणीवच मंदावते, डायबेटिस जुना असेल तर आणखी. दुसरं म्हणजे ज्या गोळीने अल्सर झाला तीच वेदना दाबणारी गोळी आहे. आई रोज तीन दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या, पोटाने तक्रार करायची कशी? त्यामुळे म्हाताऱ्या माणसात अल्सर येतो तो वेगळ्याच रूपात. चक्कर, दम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याला रक्त कमी झाल्यामुळे छातीत दुखणं. घरचे म्हणतात वय झालं. ह्या दोन शब्दांनी माझ्या कारकिर्दीत किती पेशंट उशिरा आणलेत सांगता येणार नाही.

काळ्या शीबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. रक्त जठरातून आतड्यात उतरताना पचतं आणि डांबरासारखं होतं. काळं, चकचकीत, चिकट, ओतलेल्या पाण्याने सहज न जाणारं, आणि वास इतका उग्र की एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण ते घट्ट असतं, हिरवट झाक असते, चिकट नसतं. बिस्मथच्या औषधानेही काळं होतं. गावाकडचा संडास अंगणाच्या टोकाला, चाळीसचा बल्ब, मोतीबिंदू झालेले डोळे, त्यामुळे पेशंटला रंग दिसतच नाही कधी कधी, म्हणून मी चिकट होतं का, पाणी जास्त लागतं का असंच विचारायचो. आणि उलटी झाली, ती चहाच्या चोथ्यासारखी काळपट असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

कारणं दोन मुख्य. दुखण्याच्या गोळ्या आणि एच. पायलोरी. आपल्याकडे हा जंतू बहुतेकांना लहानपणीच घरातूनच मिळतो आणि आयुष्यभर गप्प बसून असतो. दोन्ही एकत्र आले की धोका एकमेकांना धरून चढतो, तुमच्या आईचं तेच झालं. त्यात वरून ॲस्पिरिन. दुखण्याच्या गोळ्या पोटात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. अस्तरावर जो चिकट थर असतो आणि त्याखाली ॲसिड मारणारा जो क्षार झिरपत असतो, तो ह्या प्रोस्टाग्लँडिनच्या जिवावर. तो गेला की जठर स्वतःच्याच ॲसिडपुढे उघडं.

आता उपचार. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी असा कोर्स दिला असेल, बहुतेक १४ दिवसांचा, काही वेळा त्यात बिस्मथही असतं. तोंड कडू होईल, मळमळेल, पण अर्धवट सोडायचा नाही. आपल्याकडे त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू बरेच झालेत, अर्धवट कोर्सने ते अजून वाढतात. कोर्स संपल्यावर जंतू गेले का हे तपासायचंच, निदान चार आठवडे थांबून, आणि तपासणीच्या आधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवून, नाहीतर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येते. अल्सर जठरातला आहे म्हणून आठ ते बारा आठवड्यांनी दुर्बीण परत. एका तुकड्यात कॅन्सर दिसला नाही म्हणून त्यावर विसंबायचं नाही, जखम पूर्ण भरली हे डोळ्यांनी बघायचं.

शेवग्याच्या शेंगा, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, पण दूध आणि ज्येष्ठमध दोन्हीवर बोलावं लागेल. शंभर वर्षांपूर्वी शिकागोत सिपी नावाच्या डॉक्टरांनी अल्सरला तासातासाला दूध-साय द्यायची पद्धत काढली होती, जगभर चालली, मीही विद्यार्थीदशेत ऐकलीय. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग त्यातल्याच प्रथिनांनी आणि कॅल्शियमने ॲसिड जास्त सुटतं. आवडतं तर एक कप प्यावं, औषध म्हणून नको. ज्येष्ठमध मात्र बीपीच्या माणसाला रोज नकोच, त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. तिखटाने अल्सर होत नाही. खाल्ल्यावर जळजळत असेल तर कमी करा, नाहीतर आईंना वांग्याची भाजी सुखाने खाऊ दे, अंगात रक्त भरायचंय त्यांच्या. तंबाखू-मिसरी असेल तर ती मात्र बंद.

शेवग्याच्या शेंगा
धन्यवाद डॉक्टर. सासऱ्यांना बीपी होतंच. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लिंबाची सावली
मी हे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार करतोय. वडील ८१ चे, सोलापूर. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या अधूनमधून, आणि पाठीसाठी दुखण्याची गोळी रोज. एका मंगळवारी त्यांनी भाकरी नको म्हटलं. बुधवारी चहापण नको. पोटात दुखतंय का विचारलं तर म्हणाले जरा जड वाटतंय. संध्याकाळी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारायला लागले. आम्हाला वाटलं सोडियम कमी झालं असेल, मागे एकदा तसं झालं होतं. गुरुवारी दवाखान्यात पोट दाबून बघितलं तर मऊ. एका तरुण डॉक्टरला मात्र शंका आली, त्याने छातीचा एक्सरे उभं करून काढायला लावला आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा दिसली. अल्सर फुटून दोन दिवस झाले होते. ऑपरेशन करून भोकावर आतल्या चरबीचा पडदा शिवला, पण इन्फेक्शन पसरलं होतं. नवव्या दिवशी गेले.

आम्ही चार भावंडं, शिकलेली. दोन दिवस घरात होते ते आमच्यासमोर. पोट फुटलेला माणूस ओरडेल, गडाबडा लोळेल असंच डोक्यात होतं. ते उलट शांत होत गेले.

ओपीडी ते ओसरी
सावली, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. स्टेरॉइडवर असलेल्या वृद्धाचं पोट फुटूनही मऊ राहू शकतं, आत दाह होतो पण शरीर तो दाखवत नाही. अनुभवी सर्जनही यात फसतात. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी ही जोडी तर विशेष वाईट. म्हाताऱ्या माणसाने अचानक अन्न टाकलं आणि बोलण्यात गोंधळ सुरू झाला तर पोटाचाही विचार करा, पोट दुखत नसलं तरी. तुमची चूक नाही ही.

रुईचं फूल
सावलीदादा, वाचून डोळे भरून आले. स्टेरॉइडवरून आठवलं, माझ्या आत्याला एका वैदूकडून सांधेदुखीची पुडी मिळायची, करड्या रंगाची, तीन दिवसांत गुडघे पळायला लागायचे. वर्षभरात चेहरा गोल सुजला, साखर चढली आणि एक दिवस रक्ताची उलटी. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. तेव्हा औषधांच्या पिशवीत पुड्या पण मोजा, घरचे त्याला औषध समजतच नाहीत, "ते तर झाडपाल्याचं आहे" म्हणतात.

मेलबर्नची थंडी
ॲस्पिरिनच्या प्रश्नावर. मी इथे एका जेरियाट्रिक म्हणजे वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. ॲस्प्री नावाचा मोठा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाला, १९ हजारांवर माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, हृदयविकार नसलेली, निम्म्यांना रोज ॲस्पिरिन १०० आणि निम्म्यांना नुसती साधी गोळी. २०१८ मध्ये निकाल आले, हार्टसाठी म्हणावा असा फायदा दिसला नाही आणि मोठा रक्तस्राव मात्र वाढला. त्यानंतर इथे आम्ही नवीन आजी-आजोबा ॲडमिट झाले की ॲस्पिरिन का चालू आहे हे आवर्जून विचारतो. पण कृपया हे वाचून कुणी आपल्या बाबांची गोळी बंद करू नका!! ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय त्यांच्यासाठी तीच गोळी जीव राखते. त्यांचा अल्सर वाहिला तरी डॉक्टर ती थोड्याच दिवसांत परत सुरू करतात, सोबत ॲसिडची गोळी देऊन.

आणि एच. पायलोरीचा शोध पण इथलाच, पर्थचा. वॉरन पॅथॉलॉजिस्ट आणि मार्शल तरुण डॉक्टर. तेव्हा सगळं जग म्हणायचं अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो, ॲसिडमध्ये जंतू जगणार कसे. जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नव्हते, कारण दोन दिवसांनी बशी फेकून द्यायचे. १९८२ ला ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहून गेल्या आणि जंतू उगवलेले सापडले. तरी कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलने ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, थोड्याच दिवसांत उलट्या आणि जठराला सूज. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माझे आजोबा अल्सरसाठी अर्धं जठर काढून आले होते सत्तरच्या दशकात, त्यांना आयुष्यभर लोक "फार काळजी करतो म्हणून झालं" असंच म्हणत राहिले. हे वाचलं की मला त्यांची आठवण येते.

ओपीडी ते ओसरी
बरोबर लिहिलंय. कृष्णाकाठ, आईंना हृदयविकार नसेल तर ॲस्पिरिन परत सुरू करायचं कारण मला दिसत नाही, पण हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या दवाखान्यात कुणी परत सुरू करणार नाही. गुडघ्यासाठी साधं पॅरासिटामॉल, किती आणि कितीदा ते डॉक्टर ठरवतील. वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल चालतं, त्यातून रक्तात फार थोडं जातं. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, दोन्ही पाय, दिवसातून तीनदा. महिनाभर काही वाटणार नाही, नंतर वाटेल. मांडी घालून आणि उकिडवं बसणं बंद. दुखण्याच्या गोळ्या तोंडावाटे आता पुन्हा नकोत, कुणी "ही नवीन आहे, पोटाला त्रास नाही" म्हटलं तरी. किडनी आणि बीपीलाही त्या वाईटच.

औषधवाला मिरज
एक भर. ॲसिडची गोळी पण "चालू राहू द्या" म्हणून दहा-दहा वर्षं चालू राहते, तिचीही मुदत विचारून घ्या. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं. ज्यांना ॲस्पिरिन सोडताच येत नाही त्यांना ती लागते, बाकीच्यांनी विचारावं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीदादा, तुमची पोस्ट मी भावाला वाचून दाखवली, तो बराच वेळ बोलला नाही. ॲस्पिरिन बंद, कागदावर लिहून घेतलं. बाबांची पिशवी पण ओतली, त्यांच्याकडे पाठीच्या गोळ्या निघाल्या. १४ दिवसांचा कोर्स आईने पूर्ण केला, रोज भांडून. घरात कमोड बसवून घेतला आणि तिथे मोठा दिवा लावला.

कृष्णाकाठ
तीन महिन्यांनी लिहितेय, राहून गेलं होतं. दहाव्या आठवड्यात दुर्बीण परत केली, त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद होती. जखम भरलीय, नुसता पांढरा व्रण. जंतू नाहीत. हिमोग्लोबिन ११.२. गुडघे दुखतात, पण पाय सरळ करायचा व्यायाम ती टीव्ही बघताना करते आणि काठी घेऊन देवळापर्यंत जाते.

लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत, त्यामुळे रंग काळपटच असतो. पण आता मला विचारावं लागत नाही. रोज सकाळी फोन करते आणि आधी तेच सांगते, "काळं हाय, पर चिकाट न्हाई." मग बाकीचं, पाऊस, म्हैस, कुणाचं लग्न.

काल फोनवर आवाज दबका होता. शेजारच्या काकू, ज्यांनी ती पट्टी दिली होती, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली होती. सगळ्या बायका गेल्यावर हिने त्यांना आत नेऊन विचारलं. त्यांना महिनाभर काळं होतंय, चिकट, घरात कुणाला माहीत नाही. आई म्हणाली, "उद्याच ये, गाडी घिऊन. तिचा ल्योक मुंबईला असतोय." पहाटे पाचला निघतेय.